मदत हवी आहे: फणसाच्या पाटाला बाक आलाय

राहतो मालवणजवळ. काल रविवार, स्वयंपाक माझ्याकडे. घावणे आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं केलं (पहिले तीन घावणे तव्यालाच चिकटले, ते सोडा). मग टाकी धुतली, परड्यातल्या झावळ्या ओढल्या आणि दुपारी एकदाचा रंधा हातात घेतला.

पडवीत फणसाच्या फळ्या पावसाळाभर पडून होत्या. एक फूटभर रुंद, इंचभर जाड फळी घेतली, आईसाठी पाट करायला. काय पिवळीधमक निघाली! गुण्या (सुताराचा काटकोन) लावून सपाट केली आणि तिथेच शहाणपणा नडला. चांगली सुकू दे म्हणून खळ्यातल्या उन्हात आडवी टाकली. संध्याकाळी बघतो तर उन्हाकडची बाजू खोलगट, मधोमध पाव इंच बाक आणि टोकाला केसासारखी चीर.

आता खोलगट बाजू ओल्या फडक्याने झाकून वर वजन ठेवू, की सावलीत उभी करून महिनाभर हातच लावू नको? खाली दोन आडव्या पट्ट्या मारायच्या आहेत. लाकूड पावसात फुगतं, म्हणून स्क्रूची भोकं लांबट ठेवली तर पुरे, की खाच पाडूनच बसवाव्यात? चिरेचं काय करू?

उरलेल्या तुकड्याचा पोळपाट करीन म्हणतो. दुकानातल्या ‘बॉइल्ड’ जवस तेलात बहुधा धातूंचे ड्रायर (तेल लवकर वाळवणारे क्षार) असतात, म्हणून ते नको. खोबरेल लावलेल्यांनी अनुभव सांगा, पावसाळ्यात बुरशी धरते का?

आई विचारतेय, पाट की होडी?