अध्यक्षपदाला उभा राहतोय, मदत हवी आहे (तातडीने!)

चिंचोके: मंडळी, विद्यार्थी संघटनेच्या अध्यक्षपदाला उभा राहतोय. अर्ज शुक्रवारी दुपारी बंद. समोर तिघं, त्यातली एक सध्याची पदाधिकारी. जाहीरनामा २५० शब्दांत हवा, माझा ९००चा झालाय. मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात १५० जण आहेत, ती मतं पक्की. बाकीची कुठून आणू? फालतू सल्ले नकोत, वेळ नाही.

बापू_नगरकर: आधी हजेरी बघ, ७५ टक्के लागते. खर्च ५००० रुपयांच्या आत. छापील पोस्टर लावलंस की बाद. विद्यार्थी निवडणुकांसाठी लिंगडोह समितीचे नियम आहेत, २००६पासून. विद्यापीठ कोणतं?

चिंचोके: इंग्लंडमध्ये आहे हो. लिहायचं राहिलं.

बापू_नगरकर: मग आधी सांगायचं ना! आमच्या वेळी निवडणुका म्हणजे हाणामारी. १९८९ला मुंबईत एका विद्यार्थी नेत्याचा खून झाला, पुढे १९९४च्या विद्यापीठ कायद्यात गुणवत्तेवर नेमणुका आल्या. २०१६च्या कायद्याने निवडणुका परत आणल्या खऱ्या, पण कागदावरच. तिकडे कसं असतं?

गवती_चहा: बापू, तो घाईत आहे.
चिंचोके, कोर्स किती वर्षांचा? तिथे अध्यक्षपद बहुधा पूर्णवेळ, पगारी असतं. मी दुसऱ्या विद्यापीठात असंच एक पद लढवलं होतं. आणि मतदान पसंतीक्रमाचं आहे का?

चिंचोके: एक वर्षाचं एमएससी, सप्टेंबरला संपतं. पगार आहे. पसंतीक्रमाचं पाहिलं नाही. मतं कशी आणू, ते सांगा ना.

गवती_चहा: तेच सांगतेय. आपल्या विधान परिषदेसारखं १, २, ३ लिहायचं असेल तर दुसऱ्या पसंतीवर निकाल फिरतो. माझा तसाच फिरला, दुर्दैवाने उलटा. बाकी उमेदवारांच्या मित्रांनाही भेट, ‘दोन नंबर मला द्या’ म्हण. आणि ‘पुन्हा अर्ज मागवा’ हा पर्यायही मतपत्रिकेवर उमेदवारासारखाच असतो, त्याच्याकडून हरलेले लोक मी पाहिलेत. जाहीरनाम्यात तीनच मुद्दे ठेव. रात्रीची बस, घरभाडं आणि एक तुझा.

ब्रेड_पकोडा: फुकटचा उद्योग. नोकरी शोध. वर्ष वाया गेलं की व्हिसाही गेला.

गवती_चहा: चूक. या पदासाठी विद्यार्थी व्हिसावर राहता येतं, जास्तीत जास्त दोन वर्षं. विद्यापीठाने नव्याने प्रायोजकत्व द्यावं लागतं, म्हणून आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात आजच जा.

ब्रेड_पकोडा: माझ्या भाच्याला कार्यालयात कोणी धड उत्तर दिलं नव्हतं.

गवती_चहा: भाचा कशासाठी गेला होता?

ब्रेड_पकोडा: बँकेच्या पत्रासाठी.

खारी_बिस्कीट: जुन्या पोस्ट चाळून घे. ऑक्सफर्डला २०२१मध्ये एक भारतीय मुलगी अध्यक्ष म्हणून निवडून आली आणि जुन्या पोस्टवरून काही दिवसांतच राजीनामा द्यावा लागला.

बापू_नगरकर: तो अन्याय होता.

खारी_बिस्कीट: त्यावर वेगळा धागा काढा.

चिंचोके: कार्यालयात जाऊन आलो, सोमवारी या म्हणाले. अर्ज भरतोय, मागे घेता येतो. आणि गट नीट पाहिला. १५०मधले निम्मे पास होऊन गेलेत, त्यांना मत नाही. काही तर नुसते खोली शोधायला आलेले. उरले ४०.

ब्रेड_पकोडा: त्या गटात एक खोली रिकामी आहे का? भाचा सप्टेंबरला येतोय.