वॉकर म्हणजे चालणारा नाही हो!

मुलतानी मातीच्या पुडीवर बारीक अक्षरात 'फुलर्स अर्थ' लिहिलेलं असतं, तर हा फुलर कोण? माती शोधून काढणारा कुणी साहेब का?

– साहेब नाही, धंदा आहे तो. मागावरून उतरलेलं लोकरीचं कापड विरविरीत आणि तेलकट असतं, ते कुंडात घालून पायाने तुडवायचं म्हणजे तेलही निघतं आणि वीण आवळून कापड दाट होतं. हे करणारा तो फुलर, मूळ लॅटिन फुल्लो. तेल शोषायला ही माती वापरायचे म्हणून मातीला त्याचं नाव. आणि कुंडात नुसतं पाणी नसायचं बरं का, शिळं मूत्र असायचं, त्यातल्या अमोनियाने तेलकटपणा सुटतो. ढोपरभर त्यात उभं राहून दिवसभर तुडवत बसा!

– ईऽऽ. मी तीच माती तोंडाला लावते.

– लावा खुशाल, मातीचा काय दोष. आता गंमत बघा, इंग्लंडात याच माणसाला दक्षिण-पूर्वेला फुलर, नैर्ऋत्येला डेव्हन-सॉमरसेटकडे टकर आणि उत्तरेत वॉकर म्हणायचे, म्हणजे तीन आडनावं पण काम एकच. टकरच्या मुळाशी जुन्या इंग्रजीतलं 'छळणे' अशा अर्थाचं क्रियापद आहे, कापडाचे हाल बघता बरोबरच म्हणायचं. डेव्हनमधल्या एक्सेटर शहरात या टकरांच्या संघाचा टकर्स हॉल अजून उभा आहे, १४७१ सालचा.

– पण वॉकर म्हणजे चालणारा ना? कापडावर चालायचा म्हणून?

– मलाही तसंच वाटायचं, पण उलटं आहे. जुन्या इंग्रजीत 'वेआल्कन' म्हणजे लोळवणे, घुसळणे. 'चालणे' हा अर्थ साधारण १२०० च्या सुमाराला चिकटला, कापडवाला वॉकर त्याच्या आधीपासून आहे. जर्मनमध्ये 'वाल्कन' म्हणजे आजही कापड तुडवणंच. इंग्लंडात बाराव्या शतकापासून पाणचक्कीवरचे लाकडी हातोडे हे काम करायला लागले, पाय सुटले पण नाव राहिलं.

– मी नवऱ्याचा लोकरी स्वेटर गरम पाण्यात मशीनला लावला होता, बाहेर आला तो पुतण्याच्या मापाचा. म्हणजे मीही वॉकर!

– शंभर टक्के. फक्त तुम्ही तो नंतर ताणून वाळवला नाहीत. ते लोक ओलं कापड लाकडी चौकटीवर आकड्यांना ताणून लावायचे, त्या आकड्यांना टेन्टरहुक म्हणतात. इंग्रजीत धाकधुकीत असण्याला 'ऑन टेन्टरहुक्स' म्हणतात, ते तिथूनच आलं.

– अरे वा, म्हणजे आपला जीव टांगणीला लागतो, त्यांचा आकड्याला!