फ्लाय बांधायला कोणती गाठ? दोन मासे गाठीपाशीच सुटले

धारेकाठी
फ्लाय फिशिंगचा, म्हणजे गळावर बांधलेल्या नकली किड्याने (फ्लायने) मासे धरण्याचा, हा माझा दुसरा हंगाम. गाठ मला एकच येते, इम्प्रूव्ह्ड क्लिंच. पहिल्या अख्ख्या हंगामात तिने एकदाही दगा दिला नाही. या वेळी मात्र दोन चांगले ट्राउट गेले. दोन्ही वेळा तेच झालं: मासा लागला, रॉड वाकला, पाच-सहा सेकंद वजन हाताला लागलं आणि लाइन एकदम सैल. गुंडाळून पाहिलं तर फ्लाय नाही. १६ नंबरची (नंबर मोठा तितकी फ्लाय लहान) ड्राय फ्लाय होती, म्हणजे पाण्यावर तरंगणारी, आणि ५ एक्स टिपेट, म्हणजे फ्लाय बांधायचा शेवटचा बारीक दोरा. शोधायला गेलं तर जो तो वेगळी गाठ सांगतो. डेव्ही, युनी, पालोमार, टर्ल... या सगळ्या शिकायच्या का? मासा गेल्यापेक्षा तो तोंडात गळ घेऊन गेला, याचं मला जास्त वाईट वाटतंय.

संथपाणी
डेव्ही शिका. डेव्ही वॉटन या वेल्सच्या अँगलरची गाठ आहे. टोक नेढ्यातून घ्यायचं, मुख्य दोऱ्याभोवती एक सैल साधी गाठ मारायची आणि तेच टोक मागे वळवून त्या गाठीच्या आणि गळाच्या मधून काढायचं. आधी टोक ओढून गाठ बसवायची, मग मुख्य दोरा. टिपेट जेमतेम वाया जातं आणि गाठ इतकी बारीक होते की २० नंबरच्या फ्लायवरही डोळ्यात येत नाही. मी पाच वर्षं लहान फ्लायना दुसरं काही बांधलेलं नाही.

जुनीरीळ
डेव्ही चांगलीच आहे. पण धारेकाठी, गाठ बदलायच्या आधी मला एक सांगा. फ्लाय गेल्यावर टिपेटचं टोक कसं दिसत होतं? सरळ तुटलेलं की पिळवटलेलं? आणि या हंगामात टिपेट बदललंय का?

धारेकाठी
दुसऱ्या वेळचं टिपेट अजून तसंच आहे. आत्ता भिंगाखाली धरलं. टोकाला स्प्रिंगसारखे बारीक चार वळसे दिसतात. आणि हो, आधी नायलॉन वापरत होते, यंदा फ्लुरोकार्बन घेतलं.

जुनीरीळ
मग टिपेट तुटलेलं नाही. गाठ सरकली आणि उलगडत गेली. ते वळसे म्हणजे तुमच्या क्लिंचचेच वेढे आहेत. तुटलं असतं तर टोक जवळपास सरळ असतं. गाठीच्या वर कुठेतरी तुटलं असतं, तर मी कास्ट करताना, म्हणजे लाइन फेकताना, पडणाऱ्या गाठीवर संशय घेतला असता. वाऱ्यात टिपेटवर आपोआप एक साधी गाठ पडते आणि ती दोऱ्याला तिथेच कमजोर करते. म्हणून मासा गेला की आधी टोक बघायचं. मी टोक बोटावर घेऊन आकाशाकडे धरतो, उजेडात लगेच कळतं.

आता सरकली का, ते सांगतो. फ्लुरोकार्बन नायलॉनपेक्षा कडक असतं. नायलॉनचे वेढे एकमेकांत दबून बसतात, फ्लुरोकार्बनचे तेवढ्या सहज बसत नाहीत. नायलॉनवर घाईत ओढलेली क्लिंच निभावून जाते, फ्लुरोकार्बनवर ती अर्धवट आवळलेली राहते. वरून बसल्यासारखी दिसते, म्हणून फसायला होतं. मासा लागला की उरलेलं आवळणं तेव्हा होतं आणि त्यातच टोक निसटतं. इम्प्रूव्ह्ड क्लिंचमध्ये शेवटी टोक मोठ्या फासातून घेतो ना, तो फास फ्लुरोकार्बनवर कित्येकदा वेढ्यांआधीच आवळतो आणि वेढे मागे सैल राहतात.

मी स्वतः कसं बांधतो ते लिहितो, कारण यात माझेही बरेच मासे गेले आहेत. ५ एक्स म्हणजे साधारण ०.१५ मिलिमीटर जाडी, त्याला पाच वेढे. जाड टिपेटला वेढे कमी, नाहीतर ते बसतच नाहीत. ओढायच्या आधी गाठ ओठांत धरून ओली करायची. कोरडी ओढली की घर्षणाने तापते आणि टिपेट तिथेच कमजोर होतं. मग मुख्य दोरा सावकाश, एका दमात ओढायचा. हिसका नाही. वेढे एकमेकांना चिकटून ओळीने बसलेले दिसले पाहिजेत, जसा रिळावर दोरा दिसतो. एक वेढा जरी दुसऱ्यावर चढला, तरी मी कापून पुन्हा बांधतो. शेवटी टोक अगदी मुळाशी कापायचं नाही, मिलिमीटरभर राहू द्यायचं. मग गळ कशात तरी अडकवून चांगला ताण द्यायचा. सरकायची असेल तर ती तुमच्या हातात सरकू दे, माशाच्या तोंडात नको.

आणखी एक. फ्लुरोकार्बन पाण्यापेक्षा जड असतं, ते बुडतं. ड्राय फ्लायला मी अजूनही नायलॉनच लावतो, फ्लुरोकार्बन निम्फसाठी, म्हणजे पाण्याखाली बुडवायच्या फ्लायसाठी, ठेवतो. तुमची निम्मी अडचण तिथेच सुटेल.

खोलडोह
जुनीरीळ यांनी सगळं सांगितलंय, फक्त स्ट्रीमरचं, म्हणजे लहान माशासारख्या दिसणाऱ्या फ्लायचं, राहिलं. मोठ्या स्ट्रीमरला आवळून बसणारी गाठ मला पटत नाही. फ्लाय दोऱ्याला जखडली जाते आणि पाण्यात हलत नाही. तिथे नॉन-स्लिप लूप, लेफ्टी क्रे या अमेरिकी अँगलरनी लोकप्रिय केलेली. आधी टिपेटवर साधी गाठ सैल मारून ठेवायची, टोक नेढ्यातून घ्यायचं आणि त्या सैल गाठीतून ज्या बाजूने बाहेर आलं त्याच बाजूने परत आत न्यायचं. मग मुख्य दोऱ्याभोवती चार-पाच वेढे आणि पुन्हा त्याच गाठीतून, पुन्हा त्याच बाजूने. बाजू चुकली की गाठ वेडीवाकडी बसते आणि कमजोर होते. फास लहान ठेवा, फ्लाय मोकळी डुलली की पुरे.

जुनीरीळ
बरोबर. एक आवळणारी, एक फासाची, एवढ्यावर माझं बहुतेक काम चालतं. पालोमार मजबूत आहे, पण तिला टिपेट दुहेरी करून नेढ्यातून घालावं लागतं आणि मग अख्खी फ्लाय फासातून काढावी लागते. १६ नंबरच्या नेढ्यात दुहेरी दोरा घालणं म्हणजे परीक्षाच, त्यातून संध्याकाळ झालेली असेल तर विचारूच नका. माझी नजर आता तेवढी राहिलेली नाही. म्हणून उजेड असतानाच सहा फ्लाय टिपेटच्या तुकड्यांना बांधून, त्या गाठी तपासून डबीत ठेवतो. अंधारात फक्त तुकडा लीडरला, म्हणजे लाइनच्या पुढच्या निमुळत्या दोऱ्याला, जोडायचा, सर्जन्स गाठीने. ती बोटांच्या अंदाजानेही बसते.

धारेकाठी
काल रात्री बसून केलं. टिपेटच्या एका तुकड्याच्या दोन्ही टोकांना जुन्या फ्लाय बांधल्या, एकीकडे क्लिंच, दुसरीकडे डेव्ही. डोळ्यांवर चष्मा लावला आणि दोन पकडींनी ओढलं. असं दहा वेळा. पहिल्या तीन वेळा क्लिंचच निसटली, तीच स्प्रिंग. मग गाठ ओली करून, सावकाश ओढून, वेढे भिंगातून बघून बांधली. उरलेल्या सात वेळांत एकदाही निसटली नाही. चारदा डेव्हीकडे तुटलं, तीनदा क्लिंचकडे. नायलॉनचं रीळ परत बॅगेत टाकलंय. संथपाणी, डेव्हीही चालू ठेवते, १८ नंबरहून लहान फ्लायना.