बूटकॅम्पची फी नेमकी कशासाठी द्यायची?

मूळ मत (जिंतूर, सध्या छत्रपती संभाजीनगर)

बी.एस्सी. झाल्यानंतर मी येथील एका खासगी संस्थेत वेब डेव्हलपमेंटचा बूटकॅम्प, म्हणजे संकेतस्थळे बनवायला शिकवणारा थोड्या मुदतीचा सरावाचा वर्ग, पूर्ण केला. गावाकडचे पालक आता ‘आमच्या पोराला घालावे का?’ असे विचारतात, म्हणून माझे मत मांडतो.

शिकण्याचे साहित्य मिळावे म्हणून कोणी बूटकॅम्पला जाऊ नये. मोझिलाचे एमडीएन किंवा २०१४ साली सुरू झालेले फ्रीकोडकॅम्प या शिकण्याच्या संकेतस्थळांवर आमच्या अभ्यासक्रमातले जवळपास सगळे, आणि पुष्कळदा अधिक नेटकेपणाने, फुकट उपलब्ध आहे. फी द्यायची ती आपण लिहिलेला कोड जाणत्या माणसाने वाचावा यासाठी.

एक उदाहरण देतो. आमच्या तुकडीतील एका मुलीने मोंढ्यातील भाव चढत्या क्रमाने दाखवणारे पान केले होते. नमुन्यादाखल सोयाबीन ४५००, हरभरा ५६०० आणि तूर १०२०० असे आकडे घातले, तर तूर सर्वांत वर, म्हणजे सर्वांत स्वस्त! ब्राउझर चुका दाखवतो त्या कन्सोलमध्ये एकही लाल ओळ नव्हती. मार्गदर्शकांनी तिला उत्तर सांगितले नाही. ‘तुरीचा भाव कोणत्या अंकाने सुरू होतो?’ एवढेच विचारले. जावास्क्रिप्ट या वेब पानांच्या भाषेतील ‘सॉर्ट’ या क्रम लावणाऱ्या आज्ञेला तुलनेचा नियम दिला नाही, तर ती आकड्यांनाही मजकूर समजून क्रम लावते आणि त्यामुळे १ ने सुरू होणारा आकडा ४ ने सुरू होणाऱ्याच्या आधी येतो, हे त्या एका प्रश्नातून सगळ्या वर्गाला उमगले. ही माहिती एमडीएनवर स्पष्ट दिलेली आहे. पण चूक नेमकी कशात आहे हेच ज्याला उमगलेले नाही, त्याने शोधायचे तरी काय? महाविद्यालयात प्रात्यक्षिकाची वही तपासली जाई; कोड कोणी वाचल्याचे मला आठवत नाही.

प्रतिसाद (लातूर, संगणकशास्त्राचा प्राध्यापक)

आपले उदाहरण मार्मिक आहे, परंतु ते एका चांगल्या मार्गदर्शकाचे आहे, बूटकॅम्पचे नव्हे. माझ्याकडे अशा वर्गांतून परतलेले विद्यार्थी येतात. त्यांना रिअ‍ॅक्ट या वेब पाने बनवण्याच्या साधनातील घटक लिहिता येतात. मात्र ब्राउझरने पाठवलेली विनंती सर्व्हरपर्यंत कशी पोहोचते, हे विचारले की ते एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. प्रश्नपत्रिका सोडवून सोडवून हात बसवण्याची आमच्या लातूरची रीत बोर्डाच्या परीक्षेला उपयोगी पडली, कारण तेथे प्रश्नांची चौकट ठरलेली असते. येथे चौकटच बदलते. रिअ‍ॅक्टचा नवा प्रकल्प सुरू करण्याची जी आज्ञा वर्षानुवर्षे पहिल्याच दिवशी शिकवली गेली, ते ‘क्रिएट रिअ‍ॅक्ट अ‍ॅप’ त्याच्या कर्त्यांनीच फेब्रुवारी २०२५ मध्ये कालबाह्य ठरवले. ज्यांनी केवळ आज्ञा पाठ केली होती, त्यांचे शिक्षण तेथेच अडले.

शिवाय पैशांचा प्रश्न आहे. खासगी शिकवणीच्या फीवर १८ टक्के जीएसटी लागतो, आणि जाहिरातीतली ‘प्लेसमेंट’ करारपत्रात बहुधा ‘प्लेसमेंटसाठी साहाय्य’ होते. सोयाबीनचे पैसे हाती आले की ते थेट या फीत घालणाऱ्या बापाला या दोन शब्दप्रयोगांतला फरक कोणी समजावून सांगत नाही. बूटकॅम्प या प्रकाराचा आरंभ ज्यांच्यापासून धरला जातो, त्या सॅन फ्रान्सिस्कोच्या डेव्ह बूटकॅम्पने २०१२ मध्ये सुरुवात केली आणि २०१७ मध्ये गाशा गुंडाळला, हेही ध्यानात असू द्यावे.

प्रतिसाद (पुणे, मूळचा नांदेडचा)

मी नवोदितांच्या मुलाखती घेतो. बूटकॅम्पमधून आलेल्यांचे प्रकल्प इतके सारखे असतात, की कामांची यादी आणि हवामानाचे पान पाहून मी आता ते उघडतही नाही. ‘यात अमुक बदल आत्ता करून दाखवा’ असे सांगतो आणि तेथेच बहुतेकांचा कस लागतो. मोंढ्याच्या भावाचे पान माझ्यासमोर आले असते, तर मी थांबून पाहिले असते.

मूळ मताशी माझा मतभेद मात्र वेगळा आहे. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आल्यापासून कोड वाचून चूक दाखवणारे साधन प्रत्येकाच्या फोनमध्ये आहे. मग त्याच कामासाठी एवढी फी मोजण्याचे समर्थन कसे करायचे?

प्रतिसाद (सेलू)

वरील दोन्ही प्रतिसाद लिहिणाऱ्यांनी घरी बसून शिकता येते हे गृहीत धरले आहे. मुलीच्या बाबतीत ते तसे नसते. मी ‘क्लासला जाते’ म्हटले की घरात मान्य होते, डबाही भरून मिळतो. तीच मी घरी लॅपटॉप उघडून बसले, की ते रिकामपण समजले जाते आणि पाहुण्यांच्या चहासाठी पहिली हाक मलाच येते. फीची पावती हे माझ्या वेळेचे संरक्षण होते. फुकट साहित्याला ते संरक्षण नाही, आणि चॅटजीपीटीलाही नाही. प्राध्यापक सरांचा पायाभूत ज्ञानाचा आग्रह मला पटतो, परंतु तीन वर्षांच्या पदवीत तो पाया आम्हाला का मिळाला नाही, याचे उत्तर त्यांनी द्यायला हवे होते.

मूळ मत मांडणाऱ्याचे उत्तर

सेलूच्या ताईंचा मुद्दा माझ्या मांडणीत नव्हता, आणि तो माझ्या मुद्द्याहून वजनदार आहे. पुण्याच्या सरांना मात्र एवढेच सांगतो, की ते साधन त्या मुलीला दुरुस्त केलेली ओळ देऊन मोकळे झाले असते. तिने ती चिकटवली असती आणि तूर जागेवर गेली असती. पण पुढे तारखांचा क्रम लावताना ती पुन्हा तेथेच अडकली असती. ‘उत्तर देऊ नकोस, प्रश्न विचार’ असे त्या साधनाला बजावता येते, हे मान्य. तसे बजावण्याची समज नवशिक्याला कोठून येणार?

करारपत्राविषयी सरांशी पूर्ण सहमत आहे. पालकांना मी आता असे सांगतो, की पैसे भरण्यापूर्वी मागील तुकडीतील एखाद्या विद्यार्थ्याचा शेरे लिहिलेला कोड दाखवायला सांगा. संस्थेने तो दाखवला नाही, तर परत या.

प्रतिसाद (लातूर, संगणकशास्त्राचा प्राध्यापक)

सेलूच्या विद्यार्थिनीचा आक्षेप रास्त आहे. मोठ्या वर्गात प्रत्येकाचा कोड वाचायला वेळ उरत नाही, हे कारण खरे असले तरी पुरेसे नाही. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत सायंकाळी असा तपासणीचा तास ठेवता येईल आणि त्याची हजेरी नोंदवली, तर मुलींना घरी दाखवायला कागदही मिळेल. अडचण तपासणाऱ्यांची आहे, कारण ज्याला हे काम येते तो बहुधा पुण्याला गेलेला असतो. म्हणून नांदेडच्या मित्रांनाच विचारतो: शनिवारी सायंकाळी व्हिडिओ कॉलवर आमच्या मुलांचा कोड वाचायला आपण तयार आहात का?