मान्तोवानीच्या व्हायोलिनांना ‘लॉबीतलं संगीत’ म्हणणं मला मान्य नाही

खाचेतली_सुई

गेल्या रविवारी जुन्या बाजारातून मान्तोवानी या वाद्यवृंद-संचालकाची एक एलपी आणली. कव्हर फाटकं, पण तबकडी चांगली निघाली. घरी आलेल्या मित्राने अर्धं गाणं ऐकलं आणि ‘हे हॉटेलच्या लॉबीत वाजतं ते’ म्हणून विषय मिटवला. ते वाक्य दोन दिवस डोक्यातून जाईना, म्हणून हा धागा.

१९५१ साली लंडनमध्ये डेक्का या रेकॉर्ड कंपनीसाठी मान्तोवानीने ‘शारमेन’ हे गाणं ध्वनिमुद्रित केलं. चाल त्याची नव्हे. ती १९२६ची, वॉल्ट्झ नाचाच्या तीन मात्रांतली. तिचं जे झालं ते केलं रॉनल्ड बिंज या अरेंजरने, म्हणजे कुठल्या वाद्याने काय वाजवायचं ते लिहून देणाऱ्याने. हा डर्बीचा माणूस, तरुणपणी सिनेमागृहात ऑर्गन वाजवायचा. मोठ्या कॅथीड्रलमध्ये सूर जसे घुमत राहतात तसं वाद्यवृंदातून ऐकू यावं, असं त्याच्या मनात होतं. त्याने व्हायोलिनचे गट पाडले. चालीचा पहिला सूर एका गटाने घ्यायचा आणि धरून ठेवायचा. दुसरा सूर दुसऱ्या गटाने, तिसरा तिसऱ्याने. आधीचा सूर विरायच्या आत पुढचा त्याच्यावर येऊन पडतो. धबधब्याखाली उभं राहिल्यासारखं वाटतं ते यामुळे.

म्हणजे तो घुमारा यंत्राने चढवलेला नाही, स्वरलिपीच्या कागदावर लिहिलेला आहे. त्या जागी अख्खी चाल कोणीच वाजवत नाही. एका वादकाची ओळ सुटी काढून ऐकवली तर गाणं ओळखू येणार नाही. सगळे जमले की मगच चाल जन्माला येते. मला तरी ही फार मोठी गोष्ट वाटते. ज्यांना हा निव्वळ साखरेचा पाक वाटतो त्यांनी कारणासकट लिहावं, ही विनंती.

षड्ज_पंचम

कारणासकट लिहितो. कारागिरी आहे, शंका नाही. पण ती कशाच्या कामी आली? मैफलीत गायक सम गाठतो तेव्हा त्याआधी ती हुकेल की काय, अशी धाकधूक असते. या रेकॉर्डमध्ये काहीच हुकणार नसतं. प्रत्येक काठ घासून गुळगुळीत केलेला. रागातली एखादी वर्ज्य जागा नाही, झगडा नाही.

आणि लॉबीचा मुद्दा हवेतून आलेला नाही. अमेरिकेत म्युझॅक कंपनी कारखान्यांना आणि कचेऱ्यांना वाद्यवृंदाची गाणी पुरवायची. पंधरा मिनिटांचा गट, त्यात गाणी चढत्या उत्साहाने लावलेली, मग पंधरा मिनिटं शांतता. कामगाराचा हात मंदावू नये हा हेतू. ऐकलं जाऊ नये म्हणूनच केलेलं संगीत. तुमच्या आवडीची वाट शेवटी तिकडेच जाते.

खाचेतली_सुई

म्युझॅकचं वर्णन बरोबर आहे, पण दोन्ही एकत्र कालवू नका. म्युझॅकवाले मुद्दाम आवाजाचे चढउतार दाबायचे, कोणाचं लक्ष जाऊ नये म्हणून. मान्तोवानी सुमारे चाळीस वादक घेऊन अमेरिकेत दौरे करायचा आणि लोक तिकीट काढून, खुर्चीत बसून, फक्त तेवढंच ऐकायचे. झगडा नाही म्हणता, तर पर्सी फेथच्या वाद्यवृंदाची १९६० साली गाजलेली ‘अ समर प्लेस’ या सिनेमाची धून ऐका. वर व्हायोलिन संथ वाहतात आणि खाली रॉक अँड रोलमधले तीन-तीनचे ठोके चाललेले असतात. अमेरिकेत सलग नऊ आठवडे ती पहिल्या क्रमांकावर होती. दोन पिढ्यांची भांडणं एका गाण्यात शेजारी बसवली आहेत.

चाळीस_वॅट

रेकॉर्डच्या आवाजाबद्दल नेहमी जी भाबडी समजूत असते तिच्याबद्दल आधी लिहितो. ‘जुन्या तबकडीची ऊब’ वगैरे मला पटत नाही. व्हायोलिनचा ताफा ही तबकडीची सर्वात अवघड परीक्षा. एलपीच्या बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटीमीटर खाच सरकते, लेबलपाशी पोचेपर्यंत ती २१ वर येते. तेवढेच उंच सूर निम्म्याहून कमी जागेत कोंबलेले असतात. म्हणून तबकडीच्या प्रत्येक बाजूचं शेवटचं गाणं चरचरतं. मी हे सगळं सीडीवर ऐकतो आणि सुखी आहे.

ऊब आहे ती ध्वनिमुद्रणात. डेक्काच्या लोकांनी १९५०च्या दशकात तीन मायक्रोफोन त्रिकोणात बांधून संचालकाच्या डोक्यावर टांगायची पद्धत बसवली. प्रत्येक वाद्याला वेगळा माइक नाही, तर हवेत मिसळलेला आवाजच पकडायचा.

मात्र १९५१चं ‘शारमेन’ मोनो आहे, म्हणजे सगळा आवाज एकाच वाहिनीत. डावा-उजवा आवाज वेगळा देणारी स्टिरिओ एलपी बाजारात यायला १९५८ उजाडलं. एकाच स्पीकरमधून ती प्रशस्त खोली ऐकू येते, याचं श्रेय बिंजच्या लेखणीलाच द्यावं लागेल. इथे मी धागाकर्त्याच्या बाजूने.

मांडवीकाठ

माझे मामा मुंबईत सिनेमाच्या गाण्यांना व्हायोलिन वाजवायचे. गोव्यात पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळेत पोरांना स्वरलिपी वाचायला शिकवत, तिथे ते शिकले. मुंबईच्या स्टुडिओंत गोव्याचे असे कितीतरी जण होते. शंकर-जयकिशनच्या गाण्यांत जो व्हायोलिनचा लोट येतो त्यामागे सेबॅस्टियन डिसोझांचं अरेंजिंग होतं. रेकॉर्डच्या कव्हरवर त्यांचं नाव किती जणांनी वाचलं?

बिंजचंही तेच झालं. जगभर ‘मान्तोवानी साउंड’ म्हणतात, बिंजला कोण ओळखतो? याचा मला मनापासून राग येतो.

तरी या रेकॉर्ड मला प्रिय आहेत, कारण त्यांत व्हायोलिनवाले पुढच्या रांगेत आहेत. मामा आयुष्यभर गायकाच्या मागे, दोन कडव्यांच्या मधल्या जागेत वाजवत राहिले. सुट्टीच्या दिवशी घरी मात्र ते मान्तोवानी लावायचे आणि कोणाला बोलू द्यायचे नाहीत.

षड्ज_पंचम

मांडवीकाठ, तुमच्या मामांना नमस्कार. श्रेयाचा मुद्दा शंभर टक्के मान्य.

पण धागाकर्ते प्रकाराचा बचाव त्यातल्या उत्तम गाण्यावर करताहेत. अख्खी एलपी ऐका ना. बाराही गाण्यांना तीच झालर. १९५७पासून ‘१०१ स्ट्रिंग्ज’ नावाने स्वस्तातल्या एलपींचा पूर आला, देशोदेशींच्या चाली घ्यायच्या आणि एकाच पाकात बुडवून काढायच्या. चाल स्पॅनिश असो की हवाईची, चव एकच. याला मी कारखाना म्हणेन.

खाचेतली_सुई

‘१०१ स्ट्रिंग्ज’बद्दल वाद घालणार नाही. एका बैठकीत मीही तीनच गाणी ऐकतो, मग सुई उचलतो. त्यापुढे कान बोथटतो. ही या प्रकाराची खरी मर्यादा आहे आणि ती एलपीमुळेच आली. १९४८मध्ये एलपी निघाली, एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मिळाली आणि कंपन्यांना ‘संध्याकाळभर एकच वातावरण’ विकायची वाट सापडली. त्याआधीच्या, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीवर तीन-साडेतीन मिनिटांत काय ते सांगावं लागायचं.

रातपाळी

मी नर्स आहे. रात्री ड्यूटीवरून आले की गाणं नको असतं, शब्द तर नकोच. रे कॉनिफच्या वाद्यवृंदाच्या रेकॉर्ड लावते. त्यात बायकांचे आवाज ट्रम्पेटच्या सुरात आणि पुरुषांचे ट्रॉम्बोनच्या सुरात मिसळलेले असतात, शब्द नाहीत. माणसं जवळ आहेत पण काही मागत नाहीत, असं वाटतं.

कामाला येणारं संगीत म्हणजे हलकं, हे मला कळत नाही. आपल्या जात्यावरच्या ओव्याही कामासाठीच होत्या. अंगाई झोपवण्यासाठीच असते.

षड्ज_पंचम

ताई, तुमच्या थकव्यापुढे माझा युक्तिवाद तोकडा आहे. पण ओवीचं उदाहरण मी सोडणार नाही. दळणारी बाई ओवीत माहेर आणायची, सासरचा जाच आणायची. ती तिची स्वतःची होती. कारखान्यातल्या कामगाराला म्युझॅक वरून ऐकवलं जायचं. फरक कामाचा नाही, कोण कोणासाठी गातं याचा आहे.

काल रात्री हेडफोन लावून ‘शारमेन’मध्ये एकच सूर धरून ठेवणारा गट शोधायचा प्रयत्न केला. दोन ओळी सापडला, मग बाकीच्यांत विरघळला. मत बदललेलं नाही. बिंजचं स्वतःचं काही आहे का? दुसऱ्याच्या चालीवर चढवलेली झालर नको.

खाचेतली_सुई

आहे. ‘एलिझाबेथन सेरेनेड’, १९५१चीच. नंतर ‘सेलिंग बाय’ ऐका, १९६३ची, संथ वॉल्ट्झ. बीबीसी रेडिओ ४वर मध्यरात्रीनंतर बोटींसाठी समुद्रावरच्या हवामानाचा अंदाज सांगतात, त्याच्या आधी ती वाजते. वेळ भरून काढायला जेवढी हवी तेवढीच वाजवतात, आणि अंधारात रेडिओची कळ फिरवणाऱ्या खलाशाला तिच्यावरून स्टेशन सापडतं. ती कोण कोणासाठी वाजवतं, ते ऐकून सांगा.