'अ टेल ऑफ टू सिटीज'मध्ये क्रांती म्हणजे नुसती पार्श्वभूमी का?

बाळीवेसकर: एम.ए. इंग्रजीला आहे, सोलापुरातच. डिकन्सची ही कादंबरी (१८५९) सेमिनारला घेतलीय. वर्गात बहुतेकांचं म्हणणं असं की खरी गोष्ट प्रेमाची आणि त्यागाची, फ्रेंच राज्यक्रांती मागचा पडदा. मला पटत नाही, पण नेमकं बोट कुठे ठेवायचं?

जुनी_मिल: बोट डॉक्टर मॅनेटच्या कागदावर ठेवा. मी हे पुस्तक बरीच वर्षं शिकवलंय आणि तिथे दरवेळी थांबत आले. १७६७ साली बॅस्टिलच्या कोठडीत हा माणूस काजळी-कोळशात रक्त कालवून आपली हकीकत लिहितो, आपल्याला कैदेत टाकणाऱ्या एव्हरमाँद या सरदार घराण्याच्या शेवटच्या वंशजापर्यंत सगळ्यांवर ठपका ठेवतो आणि कागद धुराड्यात दडवतो. पुढे सुटतो, लंडनला राहतो, मुलगी लूसी त्याच घराण्यातल्या डार्नेला देतो. मनातलं गिळून जावयाला आपलं म्हणतो. एरवी विषय तिथेच मिटला असता. पण १७८९ ला बॅस्टिल पडतं, कागद डिफार्ज या क्रांतिकारक गुत्तेवाल्याच्या हाती लागतो आणि भर न्यायालयात वाचला जातो. ज्या कैदेच्या पुण्याईवर सासऱ्याने जावयाला नुकतंच सोडवलेलं असतं, त्याच कैदेतल्या अक्षराने जावयाला मृत्युदंड होतो. डॉक्टर ओरडून नाही म्हणतो, पण तो कागद आता त्याचा राहिलेलाच नसतो. क्रांती काढून टाका, कथानकाची गाठच सुटते.

पार्क_चौक: मॅडमना अनुमोदन. लूसीवर मनोमन प्रेम करणाऱ्या वकील कार्टनचंही तेच बघा की. त्याचं आणि डार्नेचं रूप मिळतंजुळतं, हे १७८० च्या लंडनमधल्या खटल्यात साक्षीदाराला गोंधळात पाडायला उपयोगी पडतं. वकिली डाव, बस्स. पॅरिसमध्ये तेच रूप डार्नेच्या जागी गिलोटिनखाली जातं. माणूस तोच, चेहरा तोच, किंमत वेगळी.

बाळीवेसकर: हे फारच उपयोगी. पण साधी माणसं इतकी कशी बदलतात, हे वर्गात कसं पटवू?

जुनी_मिल: आपल्याच गावापासून सुरू करा. मे १९३० मध्ये इथे मार्शल लॉ लागला, तेव्हा गांधी टोपी घातली म्हणूनही शिक्षा होत होती. रोजची टोपी, पण ती डोक्यावर ठेवणं म्हणजे बाजू घेणं झालं. आणि जानेवारी १९३१ मध्ये चौघांना येरवड्यात फाशी झाली. चार हुतात्मा पुतळ्यांसमोरून तुमचा अख्खा वर्ग रोज जातो. कादंबरीत लाल टोपी आणि तिरंगी फीत हेच काम करतात. तटस्थ राहायची सोयच उरत नाही.

मात्र दोन्हीकडचं एकाच मापाने मोजू नका. मादाम डिफार्जच्या घरावर एव्हरमाँद भावांनी केलेला अत्याचार भयंकर आहे, तिचा राग मला पूर्ण पटतो. उठाव झाला नसता तर ती गुत्त्याच्या गल्ल्यावर बसून तो गिळत राहिली असती. पण पुढे तिला लूसी आणि तिची लहान पोरही हवी असते. नवरा म्हणतो, कुठेतरी थांबायला हवं. ती म्हणते, ते वाऱ्याला आणि आगीला सांग. सेमिनारला हा संवाद मोठ्याने वाचा, मग दोघांपैकी कोणाचं बरोबर ते वर्गाला विचारा.

बाळीवेसकर: वाचतो, मॅडम. शुक्रवारी सेमिनार आहे, काय झालं ते इथेच लिहितो.