आधी कागद की आधी माणसं? सीताफळाच्या गराच्या निमित्तानं

बालाघाटकर

धारूरच्या डोंगरपट्ट्यात दसऱ्याच्या आसपास एक विषय हमखास निघतो. डोंगर सीताफळानं लगडलेला असतो, व्यापारी पाटीच्या भावात माल उचलतो, आणि आपण पारावर बसून म्हणतो, "आपणच गराचा कारखाना टाकला तर?" २०१६ ला बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हापासून या बोलण्याला जरा जोर आलाय. यंदा तर गाडी पुढं गेली. व्हॉट्सअॅप ग्रुप निघाला, नाव ठरलं, लोगो झाला, अध्यक्ष-उपाध्यक्षही झाले. मला बोलावलं. मी म्हणलो, आधी कागद दाखवा, मग येतो. तेव्हापासून गावात मी नाट लावणारा.

तरी माझं मत तेच आहे. कल्पना चांगली आहे म्हणून माणसं गोळा करू नयेत. आधी काम कागदावर मांडावं, मग त्या कामांना माणसं शोधावीत.

सीताफळ काय चीज आहे बघा. तोडल्यावर दोन-चार दिवसांत पिकतं, आणि सगळं एकदम पिकतं. आंब्याचा रस तापवून डबाबंद करता येतो. सीताफळाचा गर तापवला की कडवट होतो. म्हणजे गोठवण्याशिवाय इलाज नाही, उणे १८-२० अंशाला. म्हणजे चोवीस तास वीज, आणि आपल्या फीडरची गोष्ट मी सांगायला नको. फळ येतं सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर, आईस्क्रीमवाल्याची खरी मागणी उन्हाळ्यात. पैसा दिवाळीआधी बाहेर जाणार आणि चैत्र-वैशाखात परत येणार. मधले पाच-सहा महिने कुणाच्या खिशातून? अध्यक्ष ठरला, पण मध्यरात्री लाईट गेल्यावर जनरेटर कोण चालू करणार ते ठरलेलं नाही. यात कुठं चुकतंय ते सांगा.

मांजराकाठ

चुकतंय ते सांगतो. तुमच्यासारख्या शिकलेल्या माणसानं "आधी कागद" म्हणलं की गावातली दहा माणसं गप घरी जातात. त्यांना कागद येत नाही, काम येतं.

२०१६ चा उन्हाळा आठवा. पाणी फाउंडेशनच्या वॉटर कपचं, म्हणजे गावागावांतल्या पाणी अडवायच्या स्पर्धेचं, पहिलं वर्ष, राज्यात तीनच तालुके घेतले होते, त्यात आपलं अंबाजोगाई. ४५ दिवस लोक भल्या पहाटे टिकाव-फावडी घेऊन डोंगरावर. आमच्याकडं एकमेकांच्या बांधावरून कोर्टात गेलेले लोक एका चरीत उभं राहून खांदायलेत हे मी डोळ्यानं बघितलंय. ते अहवाल वाचून आले नव्हते. आधी माणसं आली, उत्साह आला, मग काम सुचत गेलं. ग्रुप निघाला, लोगो झाला, हसता कामून त्याला? तेवढं तरी झालं की.

बालाघाटकर

मांजराकाठ दादा, हसत नाही. पण वॉटर कपचं उदाहरण तुमच्याच विरोधात जातंय. टिकाव पडायच्या आधी गावोगावच्या निवडक माणसांचं प्रशिक्षण झालं होतं. समतल रेषा कशी काढायची, चर कुठं घ्यायचा, कुठं घ्यायचा नाही, कशाला किती गुण, सगळं आधी ठरलेलं. तारीख ठरलेली, शेवटही ठरलेला. गावाला दिसला तो उत्साह. त्याच्यामागचा कागद दुसऱ्या कुणी तरी आधीच लिहिलेला होता. आपल्या गराच्या कारखान्याचा कागद लिहायला कोण येणारे?

मोसंबीवाला (जालना)

दोघांना कडवंचीला घेऊन यायला पाहिजे. जालन्यापासून लांब नाही. १९९६ ते २००२ इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमात खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रानं तिथं काम केलं. माथा ते पायथा, म्हणजे आधी डोंगरमाथा, मग उतार, शेवटी नाला. लोकांना सगळ्यात आधी नाल्यावरचा बंधारा पाहिजे असतो, कारण पाणी तिथं दिसतं. तो शेवटी घ्यायचा म्हणजे लोकांना थांबवणं आलं. आज तिथं शेततळी आणि द्राक्षबागा आहेत.

त्या कार्यक्रमाची रीत मला आवडते. आधी क्षमताबांधणीचा टप्पा: गावानं श्रमदान करायचं, चराईबंदी-कुऱ्हाडबंदी पाळायची, समिती नेमायची, थोड्या क्षेत्रावर काम करून दाखवायचं. ते जमलं तरच पूर्ण अंमलबजावणी. म्हणजे कागदही आणि माणसंही, पण दोन्ही थोडी थोडी. तुम्ही दोघं जे एकमेकांना म्हणायलेत ते तिथं एका टप्प्यात बसवलं होतं.

जुना शाखाधिकारी

नोकरीची सगळी वर्षं ग्रामीण शाखांत गेली, म्हणून बोलतो. कागदाचा एवढा भक्तिभाव बरा नाही, बालाघाटकर. तालुक्याला टेबल टाकून बसलेले लोक प्रकल्प अहवाल विकतात. एकदा माझ्यापुढं मिरची कांडपाचा अहवाल आला, त्यात मधल्या पानावर "टोमॅटोची उपलब्धता" असा मथळा. नाव बदललं होतं, पीक बदलायचं राहिलं होतं. अर्जदार बिचारा प्रामाणिक. त्यानं तो अहवाल उघडूनही पाहिला नव्हता, कारण तो त्याच्यासाठी नव्हता, माझ्यासाठी होता.

आपल्याकडं बहुतेक प्रकल्प कल्पनेतून निघत नाहीत, अनुदानातून निघतात. पीएमएफएमई, म्हणजे छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांची केंद्राची योजना, तिच्यात वैयक्तिक उद्योगाला ३५ टक्के अनुदान, कमाल १० लाख. मग माणूस तीस लाखांचा प्रकल्प का करत नाही? कारण ३५ टक्क्यांत १० लाख बसवायला साडेअठ्ठावीस पुरतात, बरोबर तेवढ्याचं कोटेशन येतं! आणि हे कुणी सांगत नाही की ती रक्कम हातात पडत नाही. ती बँकेत कर्जाच्या समोर वेगळी ठेवली जाते आणि तीन वर्षं कर्जखातं नीट चाललं तर वळती होते. स्वतःचे किमान १० टक्के आधी घालायचे असतात ते वेगळेच. अनुदान वजा करूनही धंदा उभा राहतो का, एवढं एकच पान मला वाचायला आवडलं असतं. ते क्वचित मिळायचं.

बालाघाटकर

काका, तुम्ही सांगता तो कागद बँकेचा. मी म्हणतो तो आपला कागद, आपण आपल्यासाठी लिहिलेला. चार पानं पुरे.

गटाची सचिव

दादा, तुमच्या चार पानांत गर काढणार कोण हे लिहिलंय का?

मी बचत गटात आहे, आमच्या गटानं थोडा गर काढून बघितलाय, म्हणून विचारते. सीताफळ फोडायचं, चमच्यानं गर काढायचा, बी वेगळी करायची. यंत्र असलं तरी फोडायला, निवडायला बायका लागतातच. पिकलेलं फळ एक दिवस ठेवलं तर गेलं. आणि बायका कधी लागतात? ऑक्टोबरात. ऑक्टोबरात काय असतं? सोयाबीन काढणी. काढणी गुत्त्यानं जाते, तिथं हातात रोख येतो. तुमच्या गराच्या खोलीत कोण येईल?

दुसरं. आमच्या तांड्यावरची, वस्तीवरची निम्मी घरं दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात. मुकादमाची उचल आधीच घेतलेली असते. कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं. डोंगरावरून फळ तोडून आणणारी माणसं हीच. तुमचा हंगाम निम्म्यावर आला की तोडणारे पण गेले आणि फोडणाऱ्या पण गेल्या. हे तुमच्या कागदात नाही, मांजराकाठ दादांच्या उत्साहातही नाही. ग्रुपमध्ये बाई एकही नाही, खरंय का नाही?

मांजराकाठ

ताई, हे मान्य. ग्रुपमध्ये बाई नाही.

पण आता बघा बालाघाटकर, मी काय म्हणत होतो? ही गोष्ट तुम्हाला कागदानं सांगितली का माणसानं? तुम्ही एकटे बसून चार काय चाळीस पानं लिहिली असती तरी ऊसतोड त्यात आली नसती. माणसं आधी बसली असती तर पहिल्याच बैठकीत आली असती.

बालाघाटकर

आली असती, जर योग्य माणसं बसली असती. तुमच्या ग्रुपातली माणसं आधीच बसलेली आहेत, ती लोगोचा रंग ठरवायलीत. प्रश्न हाच आहे की कुणाला बोलवायचं हे कशावरून कळणार. कामं लिहून काढली की कळतं. "फळ फोडणे" ही ओळ लिहिली की पुढचा रकाना रिकामा दिसतो: कोण? मग तुम्हाला ताईंच्या दारात जावंच लागतं. ओळच लिहिली नाही तर ज्याला मोटरसायकल आहे आणि संध्याकाळी वेळ आहे तो संचालक होतो.

लातूरचं पाणी

वेगळं उदाहरण देतो. एप्रिल २०१६, मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी. "रेल्वेनं पाणी आणू" ही कल्पना पारावर कुणालाही सुचली असती. पण वाघिणी, म्हणजे टाकीचे डबे, राजस्थानातल्या कोट्याच्या रेल्वे कारखान्यात वाफेनं धुतल्या, मिरजेत स्टेशनापर्यंत पाइप टाकला, इकडं लातूरला उतरवून शुद्धीकरणापर्यंत न्यायची सोय केली. पहिल्या गाडीला दहाच वाघिणी, साधारण पाच लाख लिटर. मग पन्नास वाघिणींची गाडी. रेल्वे, जिल्हा प्रशासन, दोन्हीकडची पाणीपुरवठ्याची माणसं, प्रत्येकाला आपला तुकडा माहीत. घाई होती, तरी पहिली गाडी लहानच धाडली. गरवाल्यांनी एवढंच उचलावं.

मांजराकाठ

सरकारी यंत्रणेची आणि आमची बरोबरी करू नका हो. तिथं न ऐकणाऱ्याची बदली होते. आमच्याकडं न ऐकणारा चुलतभाऊ असतो. त्याचं नाव रकान्यात लिहून काम झालं नाही तर बोलणार कोण? लग्नकार्यात समोरासमोर यायचंय. म्हणून आमच्यात कामं नावानं वाटत नाहीत, "सगळे मिळून करू" म्हणतात. तुम्हाला तो ढिलेपणा वाटतो. त्यानं भांडण टळतं.

जुना शाखाधिकारी

भांडण टळत नाही, लांबतं. आणि लांबलेलं भांडण पैशात येतं. शेतकरी उत्पादक कंपन्यांचं बघा. कायद्यानं दहा उत्पादक आणि किमान पाच संचालक लागतात. २०२० च्या केंद्राच्या योजनेत सपाट भागात तीनशे सभासदांची अट, व्यवस्थापन खर्चाला तीन वर्षांत १८ लाखांपर्यंत मदत. त्यातल्या चांगल्या चालणाऱ्याही आहेत. पण मी पाहिलेल्या काहींत पाच संचालक म्हणजे दोन घरं, आणि हिशेब एकाच्या खिशातल्या डायरीत. मदत संपली तशी पाटी उतरली. नाव लिहिण्याचा संकोच वाटत असेल तर माणसाचं लिहू नका, घराचं लिहा. पण लिहा.

एकच प्रश्न

सगळं ठीक. घेणार कोण? गिऱ्हाईक ठरलंय का?

बालाघाटकर

नाही ठरलेलं, आणि म्हणूनच कारखाना नको म्हणतो. आत्ता सुचतंय ते असं. यंदा यंत्रही घ्यायचं नाही, शेडही बांधायचं नाही. शीतगृहात भाड्यानं जागा मिळते का बघायचं. गर थोडाच काढायचा, आणि तो तीन-चार आईस्क्रीमवाल्यांना हंगामातच नमुना म्हणून द्यायचा. त्यांनी उन्हाळ्यात परत मागितला तर पुढचं बोलू. फूड लायसन्सचं काम एकाकडं, शीतगृह एकाकडं, गिऱ्हाईक एकाकडं. ताई, फळं फोडायचं वेळापत्रक तुमच्या गटानं ठरवायचं. सोयाबीन काढणी सोडून जे दिवस उरतील तेवढ्यातच काम, मग गर कमी निघाला तरी चालेल.

गटाची सचिव

वेळापत्रक करू. पण दर काय आणि कशावर? गराच्या किलोवर देणार असाल तर आधीच सांगते, बायका सालीजवळचा खरबरीत भाग पण खरवडून टाकतील. त्यानं गर काळवंडतो, चव जाते. दोष मग बायकांवर. फळाच्या किलोवर द्या.

मांजराकाठ

फळाच्या किलोवर दिलं तर उलटं होईल ताई. पटापट फोडतील आणि गर सालीलाच राहील. सीताफळात तसाही गर तिसरा हिस्सा धरायचा, त्यात असं झालं तर परवडतच नाही.

गटाची सचिव

मग पहिला आठवडा रोजानं द्या. एक बाई दिवसाला किती फळ फोडते आणि किती चांगला गर निघतो ते आम्ही वहीत लिहितो, त्यावरून दर बांधू. रोज मात्र सोयाबीनच्या काढणीएवढाच पडला पाहिजे, नाहीतर कुणी येणार नाही.

बालाघाटकर

चालेल. वजनकाटा कुणाचा वापरायचा? व्यापाऱ्याचा नको.

मांजराकाठ

माझ्याकडं आहे, कापसाचा. पण तो क्विंटलचा, किलोत मागंपुढं दाखवतो. लहान काटा बघावा लागेल. ग्रुपवर विचारतो. ताई, नंबर मला खाजगीत पाठवा, तुम्हाला आधी ग्रुपात घेतो.